'सरकारी कवायत' आणि साडेचारशे वर्षांची एक हालचाल: ताई ची नेमकं आलं कुठून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. वय ४९. सहा महिन्यांपासून तुम्ही चोवीस हालचालींचा संच शिकताय आणि बरं वाटतंय. मध्येच दुसऱ्या एका शिक्षकांनी सांगितलं, की हे खरं ताई ची नव्हेच, चिनी सरकारने १९५६ साली बसवलेली कवायत आहे. खरं ताई ची वुडांग पर्वतावरच्या झांग सानफेंग नावाच्या योग्याचं, आठशे वर्षांपूर्वीचं. घरी येऊन शोधलंत तर तिसरंच निघालं, की हे सगळं हनान प्रांतातल्या एका चेन घराण्याचं. आता तुम्ही विचारताय की यातलं खरं कुठलं, आणि शिकायचंच तर मूळ तेच का शिकू नये?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक इतिहासाचा, दुसरा तुमचा स्वतःचा, चालू वर्ग सोडू की नको हा. दोघांच्या मध्ये एक गृहीतक बसलंय: जे सगळ्यात जुनं तेच सगळ्यात अस्सल. हे गृहीतक माझंही होतं. कराटे सोडून ताई चीकडे वळलो त्याला तेवीस वर्षं झाली. पाचव्या वर्षी मी 'मूळ' शोधायला निघालो आणि उजव्या गुडघ्यातली गादी फाडून घेतली. ते पुढे सांगतो.

एक आधीच कबूल करतो. तुम्ही हे कशासाठी करताय त्यावर उत्तराचा शेवट अवलंबून आहे. तोल सांभाळायला आणि पाठ मोकळी राहायला करत असाल तर एक, दोन माणसं समोर उभी राहिल्यावर काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर दुसरं. इतिहास मात्र दोघांसाठी तोच.

सुरुवात नावापासून. 'ताई ची' मधल्या 'ची'चा आणि प्राणशक्तीच्या 'ची'चा काही संबंध नाही. चिनीत ते दोन वेगळे शब्द आहेत, आपल्या लिपीत येताना एकसारखे झाले. इथला शब्द म्हणजे टोक, परिसीमा. 'ताई ची' म्हणजे परम टोक, ज्यातून यिन आणि यांग निघाले अशी कल्पना. अकराव्या शतकात झोउ दुनयी या तत्त्वज्ञाने तिच्यावर आकृतीसह छोटेखानी निबंध लिहिला. म्हणजे शब्द जुना आहे यात शंका नाही. तो मुठींच्या, म्हणजे हातांनी लढण्याच्या, एका पद्धतीला कधी चिकटला, हा खरा प्रश्न. उत्तर: एकोणिसाव्या शतकात. हे लक्षात ठेवा, पुढची निम्मी भांडणं त्यानेच मिटतात.

आता झांग सानफेंग. या माणसाचा लढण्याशी संबंध जोडणारा सगळ्यात जुना कागद १६६९ सालचा आहे. हुआंग झोंगशी या विद्वानाने वांग झेंगनान नावाच्या एका मल्लाच्या समाधीसाठी लिहिलेला तो लेख. त्यात म्हटलंय की शाओलिनची विद्या जगभर गाजलेली, पण ती समोरच्यावर चालून जाते, त्यामुळे समोरच्यालाही संधी मिळते. याउलट एक 'नेइजिया' आहे, जी स्थिर राहून गतीला आवरते. 'नेइजिया' म्हणजे आतलं घराणं, अक्षरशः. ही विद्या झांग सानफेंगला स्वप्नात देवाने शिकवली आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर मारले, असंही तिथेच येतं.

हे वाचताना साल विसरू नका. १६४४ मध्ये मिंग राजघराणं पडलं, बाहेरचे मांचू राज्यकर्ते आले. हुआंग झोंगशी मिंगनिष्ठ, मांचूंविरुद्ध प्रत्यक्ष लढलेला. बाहेरून आलेल्या बौद्ध धर्माचं शाओलिन म्हणजे 'बाहेरचं', इथल्या मातीतल्या ताओ पंथाचं वुडांग म्हणजे 'आतलं', आणि आतलं बाहेरच्याला हरवतं. या मांडणीत राजकारण आहे असं बरेच इतिहासकार मानतात, मलाही तसंच वाटतं. आपण बखर वाचतो तशीच ही गोष्ट वाचावी. बखर खोटी नसते, पण ती ज्या काळात लिहिली गेली त्या काळाबद्दल जास्त बोलते.

शिवाय वांग झेंगनानची ती विद्या म्हणजे ताई ची नव्हे. हुआंगचा मुलगा ती वांगकडेच शिकला होता. त्याने १६७६ मध्ये तिचे डाव लिहून ठेवले आणि आता ही विद्या माझ्याबरोबर संपली म्हणून हळहळला. त्याची यादी आजच्या ताई चीशी जुळत नाही. म्हणजे 'आतलं घराणं' हे लेबल एका मेलेल्या विद्येचं होतं. दोनशे वर्षांनी ते दुसऱ्याच कुणाला लावलं गेलं.

तुमच्या त्या दुसऱ्या शिक्षकांना मी खोटं पाडत नाहीये. त्यांना त्यांच्या गुरूने हेच सांगितलं असणार. पण 'आठशे वर्षां'च्या दाव्यामागे कागद नाही.

जाता जाता बोधिधर्माचंही, म्हणजे भारतातून चीनला गेला असं मानतात त्या बौद्ध भिक्षूचंही, बोलून टाकतो, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की दहा मिनिटांत कुणीतरी 'हे सगळं मूळ आपलंच' असा मेसेज पाठवतोच. बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना व्यायाम शिकवला, ही समजूत ज्या पुस्तिकेवर उभी आहे ती सतराव्या शतकातली आहे, त्याच्या काळानंतर हजारेक वर्षांची. आणि ताई चीच्या मुख्य परंपरांत त्याचं नाव येत नाही. मोह आवरा.

मग काय उरतं? उरतं एक गाव. पिवळ्या नदीच्या उत्तरेला, हनानमधल्या वेन तालुक्यात चेनजियागोउ, म्हणजे चेन लोकांची घळ. नदीपलीकडे डोंगरात शाओलिन. इथला चेन वांगटिंग हा सतराव्या शतकातला, मिंगांच्या शेवटच्या काळात लढायांत वावरलेला. राज्य बुडाल्यावर घरी बसला, शेती केली आणि फावल्या वेळात मुठींचे संच रचले, असं त्याच्या नावावरच्या एका कवितेत आहे. घराण्याच्या वंशावळीत त्याच्या नावाशेजारी टीप आहे की चेन लोकांच्या मुठी, तलवार आणि भाल्याच्या विद्येचा हा आद्य. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तांग हाव नावाचा वकिली पेशाचा संशोधक या गावात गेला, हे कागद त्याने पाहिले आणि झांग सानफेंगची गोष्ट मोडीत काढली. त्याबद्दल त्याला धमक्या सोसाव्या लागल्या असं सांगतात. ती टीप नंतर कुणीतरी घातली, असं म्हणणारेही आहेत. मी स्वतः तांग हावच्या बाजूचा, पण टिपेमुळे नव्हे. मला पटवलं ते एका हालचालीने, आणि ती तुम्ही रोज करता.

चोवीसच्या संचातली सातवी, आठवी आणि नववी आठवा. सातवी आणि आठवी 'चिमणीची शेपटी धरणे', डावीकडून आणि उजवीकडून. चिनी नाव लान छुए वेई. नववी 'एकेरी चाबूक', दान ब्येन, म्हणजे उजव्या हाताची बोटं चोचीसारखी जुळवून डावा तळवा पुढे. या दोघी नेहमी जोडीने येतात. यांग घराण्याच्या (ते पुढे भेटेलच) जुन्या लांबलचक संचातही शेपटी झाली की चाबूक, पुन्हा शेपटी, पुन्हा चाबूक.

आता चेन गावात या. तिथे शेपटीच्या जागी आहे लान झा यी. कानाला जवळजवळ तेच, अर्थ मात्र पार वेगळा: 'आळसावल्यासारखं झग्याचा सोगा खोचणे'. आपल्याकडे बाई पदर खोचते किंवा गडी धोतराचा सोगा कमरेला खोचतो, म्हणजे आता काम सुरू, तसंच. हालचाल बघितलीत तर पटतं. डावा हात कमरेशी, जणू कापड खोचतोय, आणि उजवा हात लांब पुढे. त्यानंतर एक मधली हालचाल आणि मग, पुन्हा, एकेरी चाबूक.

आणखी मागे चला. १५६०च्या सुमारास छी जिग्वांग हा मिंग सेनापती किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढत होता. शेतकऱ्यांना सैनिक बनवायला त्याने प्रशिक्षणाचा एक ग्रंथ लिहिला आणि त्यात वेगवेगळ्या पद्धतींतून निवडलेले बत्तीस मुष्टिपवित्रे चित्रांसह दिले. पहिलं चित्र कुठलं? लान झा यी. चित्राशेजारच्या पद्याची पहिलीच ओळ सांगते, की हा दाराबाहेर पडतानाचा पवित्रा, इथून खाली उतरा आणि झटक्यात पाऊल टाकून एकेरी चाबूक घ्या. सोगा खोचणे, मग चाबूक. क्रमसुद्धा तोच.

तांग हावने मोजून दाखवलं की त्या बत्तिसांपैकी एकोणतीस चेन गावच्या संचांत सापडतात. हा नुसता योगायोग मानायला माझं मन धजत नाही. चेन वांगटिंगने, किंवा त्या गावातल्या ज्या कुणी हे केलं त्याने, समोर असलेल्या लष्करी साहित्यातून उचललं आणि त्यात वळणाची, पीळ भरत जाणारी शक्ती घातली. आणि 'सोगा' 'शेपटी' कसा झाला? बहुतेकांचा तर्क असा, की गावाबाहेर ही विद्या तोंडी गेली, ऐकणाऱ्याने कानाला जे लागलं ते धरलं, नंतर कुणीतरी त्याला शोभेल असं चिनी अक्षर बसवलं. आपल्या बंदिशींचे शब्द असेच झिजतात. तीन घराण्यांत तीन पाठ, आणि प्रत्येकाचा अर्थ लावून दाखवणारा कुणी ना कुणी असतोच.

छी जिग्वांगने स्वतः या मुठींबद्दल काय लिहिलं तेही ऐका: मोठ्या लढाईत याचा फारसा उपयोग दिसत नाही, पण हातपाय मोकळे होतात, अंगाला मेहनतीची सवय लागते, नवशिक्याने या दारातून आत यावं. म्हणजे तुमचे ते शिक्षक ज्याला 'कवायत' म्हणून नाक मुरडतात, ती कवायत १५६० पासूनच कवायत आहे.

पुढची दीडदोनशे वर्षं ही विद्या गावाचं काम म्हणून जगली. चेन लोक व्यापाऱ्यांच्या मालासोबत पहारेकरी म्हणून जात, दरोडेखोरांचा बंदोबस्त करत. त्या वेळी तिला ताई ची म्हणत नव्हते. गावातल्या जुन्या हस्तलिखितांत 'पाव छ्वेई', म्हणजे तोफेचे ठोसे, अशी नावं सापडतात. नावावरूनच कळतं की ती संथ नव्हती.

वळण आलं चेन चांगशिंगच्या वेळी (१७७१ ते १८५३). त्याने बाहेरच्या माणसाला शिकवलं: यांग लूचान, १७९९चा, हपेईमधल्या योंगन्यानच्या गरीब घरातला. भिंतीच्या फटीतून बघून तो चोरून शिकला ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला ती पटत नाही. भिंतीच्या फटीतून पवित्रा दिसतो, पण समोरच्याच्या मनगटावरचा दाब दिसत नाही, आणि ही विद्या तिथे आहे. माझा एकही विद्यार्थी नुसतं बघून शिकलेला नाही. यांग त्या गावात बरीच वर्षं राबला आणि त्याला हाताला धरून शिकवलं गेलं, एवढं मी मानतो.

योंगन्यानला परतल्यावर त्याची गाठ पडली वू भावांशी. हे घर जमीनदार, शिकलेलं, परीक्षा देऊन अधिकारी झालेलं. त्यातला वू यूशियांग आधी यांगकडे शिकला आणि मग चेन गावाजवळच्या झावबाव इथे चेन चिंगपिंगकडे. त्याचा थोरला भाऊ वूयांग तालुक्याचा अधिकारी होता, आणि त्याला तिथल्या मिठाच्या दुकानात म्हणे एक हस्तलिखित मिळालं, वांग झोंग्युए नावाच्या कुणाचं. आज जगभरचे ताई चीवाले वेदासारखं म्हणतात तो हा निबंध. 'चार लिआंगने हजार जिन वळवणे' ही ओळ त्यातलीच. आपल्या हिशेबात जेमतेम दीडशे ग्रॅमने सहाशे किलो. आणि 'ताई ची' हे नाव मुठींना चिकटतं ते या कागदांमध्ये, या घरात.

मिठाच्या दुकानाची गोष्ट खरी की वू भावांनीच लिहून जुन्या नावावर खपवलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला त्याहून रंजक वाटतो तो वू यूशियांगचा भाचा ली यियू. त्याच्या १८६७ च्या पाठात लिहिलंय की ताई ची सोंग काळातल्या झांग सानफेंगने सुरू केलं. १८८१ मध्ये त्याने हाच मजकूर पुन्हा स्वच्छ हस्ताक्षरात उतरवला आणि ती ओळ बदलली: ताई ची कुणी सुरू केलं ते ठाऊक नाही. बास. चौदा वर्षांत त्याला काय कळलं, कुणी टोकलं की स्वतःचीच लाज वाटली, याचा मी बऱ्याचदा विचार करतो. पण घरातल्या माणसाने, गुरूच्या भाच्याने, झांग सानफेंगचं नाव स्वतःच्या हाताने काढलं. पुढच्या पिढ्यांनी ते पुन्हा घातलं ते वेगळं.

इथे एक सूचना, नाहीतर वाचताना हमखास घोटाळा होतो. मराठीत 'वू' लिहिलं की दोन वेगळी घराणी एक होतात. हे योंगन्यानचे वू एक. आणि यांग लूचानचा बीजिंगमधला शिष्य वू च्वानयू (१८३४ ते १९०२) आणि त्याचा मुलगा वू जियानच्वान, हे दुसरे. आडनावाची अक्षरं वेगळी, सूर वेगळा, हालचालीही वेगळ्या.

वू भावांच्या ओळखीने यांग लूचान बीजिंगला गेला. आता त्याच्यासमोर गावची पोरं नव्हती, मांचू राजपुत्र होते, आणि राजधानीच्या रक्षक तुकडीतले शिपाई. च्वानयू असाच एक शिपाई. शिकला तो लूचानकडे, पण कागदोपत्री शिष्य झाला लूचानच्या मुलाचा, बानहोउचा. कारण लूचानचे शिष्य राजपुत्र होते, आणि साध्या पहारेकऱ्याने राजपुत्रांचा गुरुबंधू होणं शोभलं नसतं. या एका गोष्टीत त्या वेळच्या बीजिंगचा अख्खा दरबार दिसतो.

उंची झगे घातलेल्या सरदारांना झेपावं म्हणून यांगांनी सगळं हळू आणि मऊ केलं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. बानहोउ त्याच शहरात विद्यार्थ्यांना झोडपण्यासाठी बदनाम होता. खरा संथपणा नातवाच्या हातून आला, आणि त्याचं कारण दरबार नव्हता, दरबार जाणं होतं.

१९११ मध्ये राज्य कोसळलं. मांचू शिपायांचे पगार आटत गेले, राजवाड्यातल्या शिकवण्या बंद. आपल्याकडे आश्रय आटल्यावर खाँसाहेब मुंबईत येऊन वकील-डॉक्टरांच्या मुलांना शिकवू लागले, तसंच झालं. बीजिंगमध्ये शू यूशेंगने व्यायाम संशोधनाची संस्था काढली आणि लूचानचा नातू यांग चेंगफू, वू जियानच्वान, सुन लुतांग यांना तिथे उघडपणे शिकवायला बोलावलं. आता समोर होता कारकून, प्राध्यापक, क्षयातून उठलेला विद्यार्थी. चीनला 'पूर्व आशियाचा आजारी माणूस' म्हणून हिणवलं जात होतं आणि राष्ट्राची तब्येत सुधारणं हे देशकार्य झालं होतं. यांग चेंगफूने (१८८३ ते १९३६) उड्या, आपटणं, अचानक सोडलेले झटके काढून टाकले आणि सगळा संच एका संथ, सलग गतीत आणला. त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून बघा. माणूस जाड झालाय, पवित्रे मोकळे आणि मोठे झालेत. जगाला 'ताई ची' म्हणून जे दिसतं ते हे, म्हणजे आजीच्या बालपणाइतकं जुनं.

सुन लुतांगने दुसरं काम केलं. तो शिंगयी आणि बागुआ या दोन विद्यांचा नावाजलेला. ताई ची शिकला उतारवयात, ली यियूचा शिष्य हाव वेइझेन बीजिंगमध्ये आजारी पडला तेव्हा सुनने त्याची सेवा केली, त्या उपकारापोटी. १९१५ पासून त्याने एकेक करून तिन्ही विद्यांवर पुस्तकं काढली, ताई चीवरचं १९२१ मध्ये, आणि तिघींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे असं मांडलं. शिंगयी सरळ रेषेत घुसते, बागुआ वर्तुळात फिरते, ताई ची मध्यावर उभं राहतं. जन्मगावं वेगळी, जनक वेगळे. तरीही 'आतलं घराणं' म्हणजे या तिघी, हे आज जगभर गृहीत धरलं जातं ते मुख्यतः त्याच्या लिखाणामुळे. १९२८ मध्ये नानजिंगला राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली तेव्हा तिचे चक्क दोन विभाग केले, वुडांग आणि शाओलिन. दोन्हींत अशी जुंपली की थोड्याच महिन्यांत ती वाटणी मोडावी लागली. लेबलं काय करतात बघा.

त्याच वर्षी मूळ गावातले चेन बीजिंगमध्ये आले. आधी चेन झावपी. त्याला नानजिंगहून बोलावणं आलं म्हणून त्याने काकाला, चेन फाकेला, आपल्या जागी आणलं. बीजिंगकरांनी बघितलं: पाय आपटतोय, उडी मारतोय, मध्येच वीज पडल्यासारखा झटका. बऱ्याच जणांनी नाक मुरडलं, हे कसलं ताई ची! सगळ्यात जुनं घराणं राजधानीत सगळ्यात शेवटी पोचलं आणि त्यालाच 'हे खरं नव्हे' म्हणून ऐकावं लागलं. तुम्हाला आज जे सांगितलं गेलं ना, अगदी तेच.

मग १९५६. चीनच्या क्रीडा आयोगाने यांग चेंगफूच्या लांब संचातून पुनरावृत्ती काढली, सोप्याकडून कठीणाकडे क्रम लावला आणि चोवीस हालचाली उरवल्या. पाच-सहा मिनिटांत होतात, कारखान्याच्या आवारात, शाळेच्या मैदानावर. होय, सरकारी आहे. पण रिकाम्या कागदावर बसवलेली नाही.

आणि ज्याला आज 'मूळ' म्हणतात त्याचं काय? १९५८ मध्ये चेन झावपी गावी परतला तेव्हा शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. त्याने पोरं गोळा केली. सांस्कृतिक क्रांतीत त्याचा छळ झाला, १९७२ मध्ये तो गेला. नंतर चेन फाकेचा मुलगा बीजिंगहून येऊन शिकवून गेला. आज जगभर चेन पद्धत शिकवणारे चेन शियाओवांग वगैरे त्याच पोरांमधले. म्हणजे गावातली अखंड परंपराही एका म्हाताऱ्याच्या हट्टावर तगली, आणि तिचा एक धागा बीजिंगला जाऊन परत आलेला आहे. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या नोंदीत एकच घराणं नाही, अनेक आहेत.

'मग हे लढायला चालतं का?' हा तुमच्या प्रश्नातला लपलेला उपप्रश्न. १७ जानेवारी १९५४ ला मकावमध्ये वू जियानच्वानचा पन्नाशी ओलांडलेला मुलगा वू गोंगयी आणि श्वेत-बगळा पद्धतीचा तरुण चान हाक-फू यांची जाहीर लढत झाली. चित्रफीत उपलब्ध आहे. बघून लोक हिरमुसतात, कारण दोघेही हात झाडतात, एकाच्या नाकातून रक्त येतं आणि दुसऱ्या फेरीत पंच थांबवतात. निकाल: ना जय, ना पराजय, ना बरोबरी. मी ती विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. खरी मारामारी अशीच दिसते, आणि नुसता संच करून ती येत नाही, मग संच कुठल्याही शतकातला असो.

आता माझ्या गुडघ्याचं. यांग पद्धतीत पाच वर्षं झाल्यावर मला कुणीतरी तुमच्यासारखंच सांगितलं आणि मी चेन पद्धतीच्या मागे लागलो. शिबिरात चार दिवस शिकायचं आणि मग गच्चीवरच्या फरशीवर रोज तासभर, मांडी जमिनीला समांतर, पाय आपटत. चेन गावची पोरं आठव्या वर्षापासून मातीवर हे करतात. मी छत्तिसाव्या वर्षी सिमेंटवर करत होतो. दोष पद्धतीचा नव्हता. माझ्यासमोर कोण उभा आहे, म्हणजे मी स्वतः, हे मी बघितलं नाही. या विद्येच्या प्रत्येक पिढीने मात्र नेमकं तेच बघितलं होतं: पहारेकरी समोर होता तेव्हा तोफेचे ठोसे, कारकून समोर आला तेव्हा संथ संच, लाखो लोक समोर आले तेव्हा चोवीस हालचाली.

म्हणून वर्ग सोडू नका, निदान अजून वर्षभर. तोपर्यंत शिक्षकांची एक परीक्षा घ्या, नम्रपणे. उद्या आठव्या हालचालीत, शेपटीच्या उजव्या बाजूला, दोन्ही हात मागे ओढून घेण्याचा भाग येतो, त्याला 'लू' म्हणतात. तिथे त्यांना सांगा, सर, माझं मनगट धरून हे माझ्यावर करून दाखवा. त्यांनी हात ओढला आणि तुम्हाला फक्त हाताला ओढ लागली, तर संच पाठ आहे, आत काही नाही. त्यांची कमर वळली आणि तुमचा पुढचा पाय आपोआप हलका झाला, तर तुम्ही योग्य जागी आहात, मग भिंतीवर १९५६ लिहिलेलं असो की वुडांग.

आणि चाबकाच्या वेळी डावा गुडघा आत कोसळतो का, ते मोबाईलवर समोरून शूट करून बघा. सहा महिन्यांच्या विद्यार्थ्यांत बहुतेकांचा कोसळतो. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आला की मग चेनबद्दल बोलू.